पिवळी ठिणगी

अडतिसाव्या किकला माझ्या पोटरीत गोळा आला आणि मी मोटारसायकलच्या टाकीवर दोन्ही हात टेकून तसाच उभा राहिलो. इंजिनातून नुसतं फुस्स झालं होतं. समोर स्टुलावर बसलेले डॉक्टर मगदूम उठले.

"राहू द्या बळवंतराव. गार झाली की आपोआप लागेल. तिचं हे असंच आहे."

"लागेल म्हणजे? न लागायला काय झालं, ते नको कळायला?" मी म्हणालो. आवाज जरा चढलाच.

सत्त्याऐंशी सालचा मार्च महिना. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गॅरेज होतं, आणि गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको शालन राहत होतो. जुन्या गाड्यांत माझा हात धरणारा आसपास कुणी नाही, असं लोक म्हणत, आणि लोकांचं म्हणणं मला पटलेलं होतं. डॉक्टर मगदूम हातकणंगल्याचे, जनावरांचे डॉक्टर. त्यांच्या वडिलांची ही एक्कावन्न सालची विलायती गाडी, काळी कुळकुळीत, साडेतीनशे सीसीची. वडील गेल्यावर अठरा वर्षं गोठ्यात पडून होती. महिन्याच्या शेवटच्या रविवारी कोल्हापुरात जुन्या गाड्यांची फेरी निघणार होती आणि त्या फेरीत डॉक्टरांना वडिलांची गाडी चालवायची होती. पुण्याचे मेहेंदळे म्हणून एक गृहस्थ फेरीला यायचे होते. त्यांच्याकडे अशा अकरा गाड्या होत्या आणि ते चांगल्या मिस्त्रीच्या शोधात होते. म्हणजे ही गाडी नुसती डॉक्टरांची नव्हती, माझीही होती.

पेट्रोल पाझरत नव्हतं. कार्बुरेटर मी तीनदा उघडून धुतला होता. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मोकळं होतं. पॉइंट घासले, टायमिंग लावलं, व्हॉल्वची फट तपासली, प्लग नवा घातला. सकाळी गार असताना गाडी पहिल्या किकला लागायची. तासभर चालवून बंद केली की मात्र मेली. मग दीड तास तिच्यापुढं डोकं फोडलं तरी ढिम्म.

शालन चहाचे कप न्यायला बाहेर आली होती. कप हातात धरून ती गाडीपाशी थांबली.

"तापल्यावर करंट बघितलाय का?" तिनं विचारलं. मला नाही, डॉक्टरांना.

"बघितला की," मी मधेच म्हणालो. "प्लग बाहेर काढून बघितला. ठिणगी आहे."

"कसल्या रंगाची?"

"पिवळी. पण आहे."

"पिवळी ठिणगी म्हणजे ठिणगी नव्हे," ती म्हणाली. "गार असताना निळी पडते का?"

डॉक्टर हसले. "वहिनी, तुम्ही तर मिस्त्रीलाच पेचात धरलं."

तीही हसली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. ती अशी तोंडभर हसल्याचं मला फार आठवत नव्हतं. मी म्हणालो, "आत जा. भाकरी करपंल."

ती गेली. डॉक्टर मात्र दरवाजाकडं बघत राहिले. "वहिनींना यातलं कळतं?"

"तिच्या वडिलांचं कुपवाडला विजेच्या मोटारी भरायचं दुकान होतं," मी म्हणालो. "लहानपणी बघितलं असंल काहीबाही."

खरं तर तिनं नुसतं बघितलं नव्हतं. बाराव्या वर्षापासून ती वडिलांच्या शेजारी बसून जळलेल्या मोटारींच्या तारा काढून नव्या भरायची. रेडिओचे ट्रान्सफॉर्मरसुद्धा भरायची. सासरी आल्यावर ते सुटलं. सुटलं म्हणजे, गॅरेजात बाई बसलेली बरी दिसत नाही, असं मी पहिल्याच महिन्यात म्हणालो होतो. तिनं पुन्हा विषय काढला नाही.

त्यानंतर डॉक्टर रोज यायला लागले. आधी आठवड्यातनं दोनदा यायचे. यायचे, स्टूल ओढायचे, माझ्याशी दोन शब्द बोलायचे आणि मग आवाज द्यायचे, "वहिनी, तुमचं काय मत?" शालन पदराला हात पुसत बाहेर यायची. मॅग्नेटो म्हणजे काय, ते तिनं त्यांना चुलीपुढं बसल्यागत निवांत समजावून सांगितलं. "बॅटरी नसते ना या गाडीला. या डब्यातला गाभा इंजिनाबरोबर फिरतो आणि फिरता फिरता स्वतःच वीज तयार करतो. आत केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात. वेढ्यांवरचं वॉर्निश जुनं झालं, की तापल्यावर ते मऊ होतं, आणि वीज प्लगपर्यंत पोचायच्या आधी आतल्या आत गळते."

"आणि बाहेर काढलेल्या प्लगला ठिणगी दिसते ती?"

"मोकळ्या हवेत कुणीही उडी मारतं, डॉक्टर. इंजिनात दाब असतो. दाबाखाली मारली तर खरी."

मी पाने घासत होतो. पान्यावर पाना आपटला. दोघांनीही माझ्याकडं बघितलं नाही.

शेजारचा वेल्डर एकदा नुसतंच म्हणाला, "डॉक्टर लई येत्यात हल्ली तुमच्यात." त्याच्या मनात काही होतं की नाही, देव जाणे. माझ्या मनात होतं. डॉक्टरांची इस्त्रीची पँट, त्यांचं मऊ बोलणं, 'वहिनी' म्हणतानाचा तो आदर, सगळं मला काट्यासारखं टोचायला लागलं. जेवताना मी शालनकडं बघायचो. ती भात कालवता कालवता कुठंतरी हरवलेली असायची आणि स्वतःशीच बोटं हलवत असायची.

"काय चाललंय?" एकदा मी विचारलं.

"काही नाही. वेढे मोजत होते. किती बसतील त्याचा अंदाज."

"गॅरेज मी चालवतो, का तू?"

तिनं बोटं थांबवली.

बुधवारी मी दुसरा कार्बुरेटर शोधायला सांगलीच्या जुन्या बाजारात गेलो. दोष कार्बुरेटरचाच आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मिळाला नाही. दुपारी दोनला परत आलो, तर गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं. आत गाडी उभी होती आणि तिच्या पोटातला मॅग्नेटो गायब होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी डॉक्टरांचे बूट होते. आतून शालनचा हसण्याचा आवाज आला आणि मागोमाग डॉक्टरांचा.

मी दारात जाऊन उभा राहिलो.

स्टोव्हवर जाड तवा होता. तव्यावर पातेलं, पातेल्यावर झाकण. डॉक्टर गुडघ्यावर बसले होते आणि फडक्यात धरलेला मॅग्नेटो पातेल्यातून बाहेर काढत होते. शालननं त्यावर हात टेकवून चटकन मागं घेतला. "पाच अंक मोजेपर्यंत हात ठेववेना. म्हणजे इंजिनाएवढा तापला. आता फिरवा."

डॉक्टरांनी त्याचा दांडा गरकन फिरवला. शालननं तारेचं टोक लोखंडाजवळ धरलं होतं. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवला. एक मरतुकडी पिवळी रेघ दिसली न दिसली.

"बघितलंत?" ती म्हणाली. "मघाशी गार असताना कशी निळीशार, कडाडून पडत होती!"

मग तिनं मान वर केली. मी दिसलो.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"अहो, सापडलं!" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की माझ्या आवाजातलं तिला ऐकूच आलं नाही.

डॉक्टरांना आलं असावं. ते उठून उभे राहिले. "मॅग्नेटो मीच काढला, बळवंतराव. वहिनी नको म्हणत होत्या, तुम्ही येईपर्यंत थांबा म्हणत होत्या. मला धीर निघाला नाही. वहिनी म्हणतात, आतलं सगळं काढून नव्यानं भरावं लागेल. तीन दिवसांत होईल म्हणतात."

"भरू दे की," मी म्हणालो. "तुमची गाडी, तुमचा मॅग्नेटो. मी कोण सांगणार?"

डॉक्टर निघाले. त्यांना पुढचे दोन दिवस लसीकरणाला शाहूवाडीकडं जायचं होतं. ते येणार नाहीत हे ऐकून मला हायसं वाटलं. आता घर परत माझं होईल असं वाटलं.

शालननं कॉटखालची माहेरची ट्रंक ओढली. तीतून हातानं फिरवायचं एक छोटं यंत्र काढलं, वेढे मोजायचा काटा काढला, पिवळ्या कागदाच्या पट्ट्या काढल्या आणि जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली तारेची रिळं काढली. खिडकीखाली पाट मांडला. जुनी तार तिनं जाळून, खरवडून काढली. मग नवी तार लावली. डोळ्यांना ती तार दिसतच नव्हती. उजेडात तिरकी धरली तरच एक लकाकी यायची. डाव्या हाताच्या दोन बोटांतून ती तार सोडायची, उजव्या हातानं यंत्र फिरवायची. एक थर झाला की कागद, मग पुन्हा थर. दहा हजारांच्या वर वेढे. एकदा तुटली तर पहिल्यापासून. गुरुवारी ती बसली ती जेवायला उठली तेवढीच. शुक्रवारीही तेच.

मी गॅरेजात होतो. कामं होती, हाताला लागत नव्हती. दर थोड्या वेळानं काहीतरी निमित्त काढून मी आत जायचो आणि दारात उभा राहायचो. डॉक्टर नव्हते. त्यांचं नावही कुणी काढलं नव्हतं. तरी माझ्या छातीत तीच आग होती, उलट जास्तच. मी तिच्या बोटांकडं बघत होतो. तार सुटत होती आणि एकाला एक लागून बसत होती. दोन वेढ्यांमध्ये फट नव्हती. वीस वर्षं मी गाड्या उघडत होतो. असं काम माझ्या हातून एकदाही झालं नव्हतं, आणि होणारही नव्हतं. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मग कळलं, की डॉक्टर आले काय, न आले काय, माझं दुखणं डॉक्टर नव्हतेच.

शुक्रवारी दुपारी ती नळाला पाणी आलं म्हणून घागर घेऊन बाहेर गेली. भरत आलेलं ते काम पाटावर होतं. मी वाकून बघितलं. सगळ्यांत वरचा थर उघडा होता. तारेला चरा पाडायला नुसतं नख ओढलं असतं तरी पुरलं असतं. वरून दिसलंही नसतं. वॉर्निश झालं असतं, गाडीत बसलं असतं, आणि फेरीत चारचौघांसमोर गाडी मेली असती. मी बोट पुढं केलं. माझं नख तारेपासून गव्हाच्या दाण्याएवढं लांब होतं. तेवढ्यात घागर उंबऱ्याला लागली. मी हात मागं घेतला आणि हात पुसायचा कापूस शोधत असल्यासारखं केलं.

"हात लावू नका हं," ती म्हणाली. "शेवटचा थर आहे."

शनिवारी सकाळी मी मॅग्नेटो बसवला. शिरोलीपर्यंत गाडी पळवली, परत आणली, गॅरेजच्या दारात बंद केली. इंजिनावर पाणी टाकलं असतं तर चर्र झालं असतं. शालन दाराला धरून उभी होती. मी किक मारली. एक. गाडी धडधडायला लागली. बंद केली. पुन्हा एक किक. पुन्हा लागली.

"लागली?" तिनं विचारलं. दिसत असूनही विचारलं.

"लागली," मी म्हणालो आणि गिअर टाकून तसाच हातकणंगल्याला निघालो.

डॉक्टर आदल्या रात्रीच शाहूवाडीहून परतले होते. त्यांनी अंगणात तापलेल्या गाडीला स्वतः किक मारली, ती लागली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "वहिनींनी करून दाखवलं तर!" ते म्हणाले.

मी म्हणालो, "नाही. तिची तार सारखी तुटत होती. शेवटी मीच भरलं."

ठरवून नव्हतो गेलो. पण बोलताना जीभ अडखळलीही नाही. डॉक्टरांनी माझे दोन्ही हात धरले.

रविवारी फेरीला डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही बोलावलं होतं. शालन मोरपंखी साडी नेसली होती, लग्नाकार्याला नेसायची ती. मैदानावर तीस-चाळीस जुन्या गाड्या होत्या. आमची गाडी फेरी पुरी करून आली. मेहेंदळे उंच, पिकल्या मिशांचे. त्यांनी हातमोजा काढून इंजिनाजवळ हात नेला, धग बघितली आणि स्वतः किक मारली. गाडी लागली. ते डॉक्टरांकडं वळले. "तापलेल्या मॅग्नेटोवर एका किकमध्ये? अहो, माझ्या अकरापैकी सात याच रोगानं आजारी आहेत. केलं कोणी हे?"

"यांनी," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बळवंतरावांनी स्वतः भरलाय."

शालन माझ्या डाव्या बाजूला उभी होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. डॉक्टर भला माणूस. तिला वाईट वाटेल म्हणून ते तिच्याकडं वळले. "वहिनी, तुम्हाला जमलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. रोग तर तुम्हीच ओळखलात. ते काय थोडं आहे?"

तिनं गाडीकडं बघितलं. तिनं एक शब्द बोलायचा अवकाश, मी तिथं उघडा पडलो असतो.

"हो," ती म्हणाली. "मला नाही जमलं. यांनीच केलं."

मेहेंदळ्यांनी माझा पत्ता लिहून घेतला.

घरी आल्यावर तिनं दिवा लावला. साडी बदलली, यंत्र पुसलं, रिळं धोतराच्या तुकड्यात गुंडाळली आणि ट्रंक कॉटखाली ढकलली. रात्री नेहमीसारखं वाढलं. मीही विषय काढला नाही. असा महिना गेला. ती माझ्याशी सगळं बोलायची, पीठ संपलंय, दूधवाला आला नाही. पण गॅरेजच्या दारात ती पुन्हा आली नाही. चहासुद्धा ती उंबऱ्याच्या आत ठेवायची आणि मला हाक मारायची.

मग पुण्याहून लाकडी खोक्यातून दोन मॅग्नेटो आले. सोबत चिठ्ठी. श्री. बळवंत लोहार यांस, हे दोन आधी करावेत, बाकीचे पाठवतो.

मी खोकं तिच्यापुढं ठेवलं. तिनं चिठ्ठी वाचली, घडी घातली, परत दिली.

"तुम्हीच करा," ती म्हणाली. "तुम्हाला येतं की."

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. म्हणूनच मला पुढं काही बोलता येईना. ट्रंक मीच ओढली. यंत्र काढलं, तार लावली. तीनशे वेढ्यांवर तुटली. पुन्हा लावली, ऐंशीवर तुटली. आठ दिवस मी गॅरेज बंद ठेवून त्या खिडकीखाली बसलो. एकदा दोन हजारांपर्यंत गेलो आणि शिंक आली. ती बाजूला तांदूळ निवडत असायची. एकदाही 'असं धरा' म्हणाली नाही आणि एकदाही हसली नाही.

नवव्या दिवशी मी हातकणंगल्याला गेलो. डॉक्टरांच्या दवाखान्यापुढं चार म्हशी आणि त्यांचे मालक उभे होते. डॉक्टर एका म्हशीचा खूर धरून बसले होते. मी तिथंच, सगळ्यांसमोर सांगितलं, की मॅग्नेटो मी भरला नव्हता. शालननं भरला होता.

डॉक्टरांनी खूर हळूच खाली सोडला. मग म्हणाले, "वहिनींनी मैदानावर माझ्या तोंडावर सांगितलं, की त्यांना जमलं नाही."

"हो."

"तुमच्यासाठी."

"हो."

"मग इथं कशाला आलात, बळवंतराव? मला सांगणं सोपं आहे. वहिनींशी बोललात?"

संध्याकाळी घरी आलो. शालन कणीक मळत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. डॉक्टरांना काय सांगितलं ते सांगितलं. कापूस शोधत होतो त्या दुपारचंही सांगितलं. नख किती लांब होतं, तेही. ते ऐकताना तिचे हात थांबले.

"तुमची बोटं थरथरत होती," ती म्हणाली. "बघितलं होतं मी. मला वाटलं, तुम्हालाही काळजी आहे."

तिनं कणीक गोळा करून परातीच्या मधोमध ठेवली. मग ती म्हणाली, "डॉक्टरांना सांगितलंत, बरं केलंत. पण तिथं मैदानात, एवढ्या माणसांत, 'मला नाही जमलं' हे मी माझ्या तोंडानं बोलले. बाबा असते तर त्यांनी माझं तोंड बघितलं नसतं. ते तुम्ही कसं पुसणार?"

"मेहेंदळ्यांना पत्र लिहितो. आज लिहितो."

"नको." तिनं कणकेवर झाकण ठेवलं. "त्यांना मी सांगणार. तुम्ही नाही."

पुढचे आठ दिवस ती खिडकीखाली बसली. दोन्ही मॅग्नेटो भरून, वॉर्निश वाळवून, तापवून, तपासून झाले. एका सोमवारी सकाळी पिशवीत ते मॅग्नेटो घालून ती पुण्याच्या एसटीत बसली. एकटीनं एवढ्या लांब ती त्याआधी कधी गेली नव्हती. हडपसरला मावसबहीण होती, तिच्याकडं उतरणार होती. मी खिडकीशी उभा राहून म्हणालो, "मी येऊ का?" तिनं मान हलवली. गाडी सुटली.

बुधवारी दुपारी ती परत आली. मी स्टँडवर गेलो होतो. जाताना एक पिशवी होती, येताना दोन होत्या, आणि दोन्ही इतक्या जड की कंडक्टरनं हात लावून खाली दिल्या. मी आत बघितलं. पाच मॅग्नेटो होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. प्रत्येकावर तिच्या अक्षरात गाडीचं नाव आणि साल.

"काय म्हणालीस त्यांना?" मी विचारलं.

"म्हटलं, तो मॅग्नेटो मी भरला होता, आणि हे दोनही मीच भरलेत. त्यांनी तिथंच तापवून बघितले. मग गॅरेज उघडून एकेक गाडी दाखवायला लागले. चार तास दाखवत होते."

आम्ही चालू लागलो. मी दोन्ही पिशव्या उचलल्या होत्या. थोडं पुढं गेल्यावर मला राहवेना.

"आणि माझ्याबद्दल? मी खोटं बोललो त्याबद्दल काय म्हणाले?"

शालन चालता चालता थांबली. खरंच आठवून बघावं तसं तिनं आठवून बघितलं.

"तुमचं त्यांनी काही विचारलंच नाही," ती म्हणाली.